गंज आहे म्हणाला

आमच्या अंगणात एक होडी उभी असते. नागपुरात, बेसा भागात, जिथे पाण्याचा टँकर वेळेवर आला तरी लोक खूश होतात, तिथे ही होडी. येणारा-जाणारा फाटकापाशी थांबून तिच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो, जणू तिला मीच माहेरून आणलं आहे. ती माझ्या नवऱ्याची आहे. एका तलावावरचं नौकाविहाराचं ठिकाण बंद पडलं तेव्हा त्याने ती भंगारातून घेतली आणि तिच्याबरोबर तिला वाहून नेणारा लोखंडी ट्रेलरही घेतला. फायबरची, निळी, हलकी, नीट बसली तर चार माणसं मावतील एवढी होडी. नवऱ्याचं गाव भिवापूरकडचं. गावाच्या शिवाराला आता धरणाचं मागचं पाणी लागतं, आणि ज्या बांधावर लहानपणी म्हशी चारल्या त्या बांधावरून होडी न्यायची हा त्याचा म्हातारपणाचा हट्ट आहे.

होडीची मला कधी भीती वाटली नाही. मला भीती वाटायची ट्रेलरची.

सांगून टाकते, मी भित्री आहे. मिरजेची मुलगी लग्न करून नागपुरात आले तेव्हापासून मी घाबरतेच आहे, आधी इथल्या उन्हाला, मग इथल्या तिखटाला आणि नंतर घरातल्या माणसांच्या बेफिकिरीला. झोपण्याआधी गॅसचा नॉब मी उठून परत बघते. कुणी घराबाहेर पडलं की पोचल्याचा फोन येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. आणि गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम तर मी नवऱ्याच्या आणि मुलीच्या डोक्यात हातोडीने ठोकून बसवला आहे. रडून, ओरडून, एकदा जेवण बंद करूनसुद्धा. दोघं मला हसतात, पण पाळतात.

ट्रेलर म्हणजे काय, तर लोखंडी चौकट, खाली एक आडवा कणा, दोन चाकं, आणि पुढे गाडीला अडकवायचा लांब पाइप. पाइपाच्या टोकाला हूक. तो हूक जीपच्या मागे अडकला की सगळं वजन त्या एका पाइपाच्या भरवशावर चालतं. हे मला नवऱ्यानेच एकदा कौतुकाने समजावून सांगितलं होतं. कौतुक त्याला वाटलं. मी त्या पाइपाची जाडी बोटांनी मोजून बघितली.

दरवर्षी दसऱ्याला त्या ट्रेलरची पूजा व्हायची. जीपची होते, स्कूटरची होते, मग त्याचीही. सकाळी नवरा नळीने पाणी मारून त्याला धुवायचा, आंघोळ घातल्यासारखा चारही बाजूंनी. वाळला की निळा ऑइलपेंट, वर हळदीकुंकू, झेंडूची माळ, आणि शेवटी हुकावर नारळ फोडून त्याचं पाणी तिथेच ओतायचं. ते पाणी हुकाच्या मागच्या फटीतून पाइपात जायचं. कुठे जातंय ते आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. आम्ही हात जोडून उभे असायचो, आणि मी तर डोळे मिटून मागायचे, बाबा, याने कुणाचा जीव घेऊ नये. दरवर्षी एक नवा निळा थर चढायचा आणि ट्रेलर दरवर्षी तरुण दिसायचा.

मध्ये काही वर्षं नवऱ्याचे गुडघे दुखत होते म्हणून होडी निघालीच नाही. पूजा मात्र चुकली नाही. मग यंदा दिवाळीला मुलगी बंगळूरहून स्वतःची गाडी घेऊन आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, या वेळी होडी काढू ना. मले पाहायचा आहे तो तुमचा बांध."

नवऱ्याचा घास हातात राहिला. एवढा आनंद त्याच्या तोंडावर मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मला तेव्हाच कळलं की आता काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी सुरू झाली. नवरा पोतं अंथरून ट्रेलरखाली आडवा झाला, मुलगी मोबाइलचा उजेड धरून उकिडवी बसली, आणि मी पायरीवर, पदराचं टोक पिळत. तो हातोडीने ठोकत जायचा. जिथे लोखंड धड होतं तिथे ठण्ण वाजायचं. कण्याजवळ एका जागी ठण्णच्या ऐवजी नुसतं थप्प झालं आणि निळ्या रंगाचा मोठा पापुद्रा त्याच्या छातीवर पडला. पापुद्र्याची आतली बाजू तांबडी होती. मग त्याने यू-बोल्टाला पाना लावला, आणि पाना फिरवायच्या आत बोल्टच तुटून हातात आला.

"बाबा, हा तं बिस्किटासारखा तुटला," मुलगी म्हणाली.

"बोल्ट बदलता येते," नवरा खालून म्हणाला. "त्यात काय घाबरायचं."

टायरांवरची नक्षी कोरी होती, पण बाजूंना बारीक चिरा पडलेल्या, उन्हात विसरलेल्या चपलेला पडतात तशा. चाक हाताने फिरवलं तर आतून वाळू चावल्यासारखा आवाज यायचा, म्हणजे बेअरिंग गेलेलं. स्प्रिंगचे पाटे एकमेकांना चिकटून बसलेले. मागच्या दिव्यांच्या वायरी खारींनी कधीच खाऊन टाकल्या होत्या. एकेक दोष निघत गेला तसं मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत गेलं. वाटलं, आता दोघंही कंटाळतील, होडी परत ताडपत्रीखाली जाईल, आणि आपण सगळे भाऊबीज करून जिवंत राहू.

कंटाळतील कसले! नवऱ्याने वेल्डिंगवाल्या मिस्त्रीला बोलावलं.

हा मिस्त्री कराडकडचा निघाला. मेहुण्याच्या वर्कशॉपवर काम करायला म्हणून नुकताच इकडे आलेला. नागपुरात येऊन त्याने पहिली गोष्ट काय शिकली असेल तर खर्रा, सुपारी-तंबाखूचा. गालात तो तोबरा भरलेला असल्यामुळे बोलायचं म्हणजे मान वर करून, दोन शब्दांत. पण मला त्याच्या दोन शब्दांतसुद्धा माहेरचा वास आला. आल्याआल्या तो "ताई, पानी हाय का?" म्हणाला आणि मी नाही म्हटलं तरी विरघळलेच.

दुपारी चहा केला. मी हात धूत होते, म्हणून मुलीने आतूनच ओरडून सांगितलं, "मिस्त्री, गंजात चहा आहे, घेऊन घ्या."

मिस्त्री दारात तसाच उभा. तोंडातला खर्रा थुंकून आला आणि घाबरून मला म्हणाला, "गंजात चहा? गंजात कसा पिऊ ताई?"

मला जे हसू फुटलं ते आवरेना. इकडे गंज म्हणजे भांडं, दूध तापवायचं, चहा करायचं. नवीन नवरी होते तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "गंज घासून आण वं." मी खिडकीच्या गजांवरचा तांबेरा काथ्याने घासत बसले होते आणि सासूबाई दूध हातात घेऊन वाट बघत होत्या. हे ऐकून मिस्त्रीही हसला. म्हणाला, "आमच्याकडं गंज म्हंजी लोखंडाला लागतो त्यो."

"आमच्याकडे पण तोच," मी म्हणाले. "इथे त्याला जंग म्हणतात. आणि इथे गंज म्हणजे पुष्कळसुद्धा बरं का. गंज माणसं आली होती, गंज दिवस झाले, असं."

"एवढं कुठं ध्यानात ठिवू," मिस्त्री म्हणाला आणि बशीत चहा ओतून घेतला. आम्ही दोघं परमुलखातली माणसं भेटल्यासारखी थोडा वेळ बोललो. नवरा मात्र नटबोल्ट शोधायला आत गेला होता. ते हसणं, ते बोलणं, त्याने काही ऐकलं नाही.

मिस्त्रीने काम बरं केलं. ग्राइंडरने निळे थर उडवले, कण्याजवळची सडलेली पट्टी कापून नवी जोडली, बोल्ट नवे घातले. बेअरिंगं बदलली, टायर बदलले. शेवटी उरला तो पुढचा पाइप. त्या संध्याकाळी नवरा आणि मुलगी धरमपेठेत खरेदीला गेले होते, मी भाजीला. मिस्त्रीने एकट्यानेच हुकाचा बोल्ट काढून पाइप बघितला, परत बोल्ट बसवला आणि सामान ठेवून निघून गेला.

जेवणं झाल्यावर नवऱ्याने त्याला फोन लावला. मी भांडी आवरत होते. मला या बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"काय गा मिस्त्री, तो पुढचा पाइप पाह्यला का? ... हो, हो. आतमंधी लोखंड आहे ना शिल्लक? ... काय? तोंडातला खर्रा काढ ना गा! ... गंज आहे? गंज आहे म्हणतं ना? अरे मग काय पाहिजे!" आणि फोन ठेवून त्याने मला विजयी मुद्रेने सांगितलं, "पाह्य. मिस्त्री म्हणते गंज आहे. तू उगाच घाबरून राहिली."

आणि मला बरं वाटलं! हेच मला आजही समजत नाही. दुपारीच ज्या शब्दावरून मी पोट धरून हसले होते, तोच शब्द नवऱ्याच्या तोंडून आला तेव्हा मी तो त्याच्यासारखाच ऐकला. इतकी वर्षं या घरात राहून माझे कान नागपुरी झाले होते. पुष्कळ लोखंड आहे म्हणे. त्या रात्री मी कधी नव्हे ती शांत झोपले.

सकाळी निघताना नवऱ्याने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मुलीला सूचना दिल्या. ट्रेलरला दिवे नव्हते, म्हणून ती तिची गाडी घेऊन मागून चालणार होती, पिवळे दिवे लुकलुकत ठेवून. "एकदम चिटकून राह्यजो," तो म्हणाला. "मंधात कोणी घुसला तं त्याले म्या ब्रेक मारलेला समजत नाही." मी दोघांना दही-साखर दिली. पाण्यावर जायला माझी तयारी नव्हती, म्हणून मी घरीच. उमरेड रोडने भिवापूर, संध्याकाळी परत. ते कोपऱ्यावरून वळले तेव्हा होडीची निळी शेपटी आणि तिला लागूनच मुलीची पांढरी गाडी, एवढं दिसलं. लिंबू चिरडून फाटकात पडलं होतं. ते मी झाडूने बाजूला केलं.

मग आत आले आणि सकाळच्या चहाचा गंज घासायला घेतला.

खाली थोडं करपलं होतं. मी तारेच्या चोथ्याने घासत होते आणि मिस्त्रीचं ते घाबरलेलं तोंड आठवून हसत होते. गंजात चहा कसा पिऊ ताई. आमच्याकडं गंज म्हंजी लोखंडाला लागतो त्यो.

चोथा हातात तसाच राहिला. नळ वाहत होता.

काळजात धस्स होणं म्हणतात ते मी आयुष्यभर उठताबसता म्हणत आले. खरं काय असतं ते त्या दिवशी कळलं.  ओट्याला धरून मी मिस्त्रीला फोन लावला. हात साबणाचे, फोन निसटत होता.

"मिस्त्री, काल साहेबांना तुम्ही पाइपात गंज आहे म्हणालात, ते काय म्हणालात?"

"व्हय ताई. गंज हाय. पार खाल्लाय आतनं. वरनं रंग हाय म्हणून पाइप दिसतोय. मी म्हणलं गंज हाय, तर साहेब म्हणले मग काय पाहिजे! मला वाटलं चेष्टा करत्यात. पाइप बदलूया म्हणणार, तवर फोन ठिवला." मग तो थांबला. "का ताई? नेला का काय?"

मी फोन कापला. नवऱ्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मुलीला लावला, तिचाही वाजून बंद झाला. परत लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही. माझाच नियम. जेवण बंद करून शिकवलेला. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या वाजणाऱ्या फोनला शिव्या दिल्या, आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या तसल्या. एवढा आज्ञाधारकपणा कशाला ठेवावा माणसांनी!

डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. पाइप तुटतो. ट्रेलर जीपपासून सुटतो, नाक रस्त्यात रोवून जागच्या जागी थांबतो. आणि मागे चिकटून माझी मुलगी.

हेल्मेट घातलं, स्कूटर काढली. ती मी भाजी आणि बँक यापलीकडे कधी नेली नव्हती. हायवेवर तर नाहीच, हायवेच्या नुसत्या नावाने मला घाम फुटतो. त्या दिवशीही फुटलाच. भीती पळाली, मी वाघीण झाले, असलं काही झालं नाही. मी घाबरतच चालवत होते, मोठमोठ्याने रडत, आणि हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास साचत होता. उमरेड रोडला लागले तसे कोळशाचे ट्रक सुरू झाले. एकेक ट्रक शेजारून गेला की स्कूटर आपोआप डावीकडे ढकलली जायची आणि मी "अगं आई गं" म्हणायचे. पण दुसरी भीती मोठी होती, तिने पहिलीला जागाच दिली नाही.

पुढे एका वळणावर गर्दी दिसली. रस्त्याच्या कडेला माणसं गोळा झालेली, आणि मधे निळं काहीतरी.  एक्सलेटर सोडला. तिथपर्यंत मी पोचूच नये असं मला वाटलं, स्कूटर इथेच बंद पडावी, मला काही बघायला लागू नये. जवळ गेले तर कापसाचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता, वर निळी ताडपत्री. एक म्हातारबा मला म्हणाले, "काय झालं बाई, काहून रडून राहिली?" त्यांना काय सांगणार? पुढे निघाले.

पाचगावात नवरा दरवेळी तर्री-पोहे खायला थांबतो. त्या टपरीवर मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. नव्हते. बहुतेक ट्रेलर उभा करायला जागा नसेल म्हणून पुढे गेले असतील. पुढे म्हणजे किती पुढे? मी देवाचं नाव घ्यायचं सोडून दिलं आणि नुसतं "मागे राहा, मागे राहा, मागे राहा" म्हणत राहिले, जसं काही ती ऐकत होती.

आणि मग दिसले.

सरळ रस्ता होता. लांब निळी होडी, हळूहळू डुलत चाललेली, आणि तिच्या मागे पिवळे दिवे लुकलुकणारी पांढरी गाडी. बापाने सांगितलं तशी चिकटून. मधे माणूस उभा राहिला नसता एवढं अंतर.

मी हॉर्न दाबणार होते. हात हॉर्नवर गेलाही होता. पण भित्र्या माणसाला एक सवय असते, तो आधी वाईटात वाईट काय होईल ते बघतो. हॉर्न वाजवला, नवऱ्याने आरशात मला बघितलं, तर तो काय करेल? कचकन ब्रेक मारेल. आणि तो पाइप नेमका ब्रेकलाच जाईल. आधी मुलगी मागे सरायला हवी होती.

तिच्या शेजारी स्कूटर घेतली. तिने काचेतून बघितलं. आपली आई, हायवेवर, स्कूटरवर, रडताना. तिचं तोंड पांढरं पडलं. मी एक हात सोडला, आयुष्यात कधी चालत्या स्कूटरचा हात सोडला नव्हता, आणि तळवा मागे मागे ढकलला. मागे हो. मागे हो. तिला काही कळलं नसणार, पण तिने ऐकलं. गाडी हळू केली. होडी आणि तिच्यामध्ये रस्ता दिसायला लागला, थोडा, मग अजून थोडा. मागून एका ट्रकने हॉर्नचा आकांत केला. तिने ऐकलं नाही त्याचं.

मग मी जीपच्या बाजूला गेले. नवऱ्याने मला बघितलं आणि त्याचे ओठ हललेले दिसले. काय म्हणाला असेल ते मला माहीत आहे. मी हात खाली खाली केला. हळू. हळू. झोपलेल्या पोराच्या पाठीवर थोपटावं तसा. त्याने पाय काढला. जीप मंदावत मंदावत माणसाच्या चालीवर आली आणि त्याने ती डांबर सोडून कडेच्या मातीत उतरवली.

जीप उतरली. मग ट्रेलरचं एक चाक उतरलं, एवढाच धक्का. कर्र असा आवाज आला, मोठाही नाही, जुनं दार उघडल्यासारखा, आणि पाइप मधोमध वाकून खाली बसला. ट्रेलरने नाक मातीत रोवलं. होडी पुढे सरकली, दोर ताणले गेले, आणि सगळं थांबलं.

नवरा उतरला. आधी त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओरडला, "पागल झाली का वं तू? तू हातवारे केले म्हणून म्या खाली उतरवली, म्हणून तुटला ना तो!"

मी फाटलेल्या पाइपाकडे बोट केलं.  तो वाकला. पाइप जिथे फाटला होता तिथे निळ्या रंगाचं साल होतं, आणि सालाच्या आत पत्रावळीएवढं पातळ काहीतरी. त्याने हाताने दाबलं तर ते चुरून खाली पडलं. तांबडा भुगा, आणि त्यात नारळाच्या करवंटीच्या दोनतीन ढलप्या. आमच्या दसऱ्यांच्या.

त्या ढलप्या हातात घेऊन तो मागे वळला. मुलगी लांब गाडी थांबवून आमच्याकडे धावत येत होती, ओढणी सांभाळत, "आई, काय झालं? बाबा, काय झालं?" विचारत. तो तिच्याकडे बघत राहिला. मग ट्रेलरमागे जिथे ती चिकटून असती त्या रिकाम्या रस्त्याकडे, मग वाकलेल्या पाइपाकडे. कडेच्या दगडावर बसला. गुडघेदुखीमुळे तो असा खाली कधी बसत नाही.

"म्या तं विचारलं होतं ना," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "तोच म्हणे ना, गंज आहे."

"होता ना," मी म्हणाले. "गंजच होता."

त्याला अजून कळलं नव्हतं. तिथेच, ट्रकांच्या धुळीत, मी त्याला तो शब्द समजावून सांगितला. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी त्याला माझ्या माहेरची भाषा शिकवली. ऐकून तो हसेल असं मला वाटलं. तो तोंडावर हात घेऊन रडला, आणि मुलगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत मला विचारत राहिली, "काय झालं वं? कोणी सांगा ना मले."

मग मिस्त्रीने नवा पाइप लावला. त्याच्याशी बोलताना नवरा आता प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो, आणि मिस्त्री आमच्याकडे आला की खर्रा फाटकाबाहेर थुंकून येतो. होडीने अजून तो बांध बघायचा आहे, मुलगी पुन्हा येईल तेव्हा. त्या पाइपाला रंग लावायचा नाही असं ठरलंय. नुसतं ग्रीस, म्हणजे जे काही होईल ते उघड्यावर होईल. नारळ फोडायचा तर उंबऱ्यावर.

गंज हा शब्द आमच्या घरातून गेला. चहाच्या भांड्याला मी पातेलं म्हणते, नवराही म्हणायला लागला आहे, चुकतो तेव्हा जीभ चावतो. मुलगी मात्र लांब असते, तिला सवय नाही. परवा संध्याकाळी तिचा फोन आला. आधी मी नेहमीसारखं विचारलं, गाडी चालवत नाहीस ना? नाही म्हणाली, घरीच आहे. मग थोडं इकडचं-तिकडचं बोलून म्हणाली, "आई, गंज आठवण येऊन राहिली वं तुझी."

मी ओट्याला धरलं. डोळ्यांपुढे परत तोच रस्ता, तीच निळी होडी, आणि मागे ती.

"ते नको म्हणू," मी म्हणाले. "लय म्हण. खूप म्हण. ते नको."

 पलीकडून ती म्हणाली, "बरं. जंग आठवण येऊन राहिली."

मी हसले, तीही हसली, आणि फोन ठेवल्यावर मी नळ सोडून तिथेच उभी राहून रडले.